घराअलीकडचा पंप

फोम कापणाऱ्याने लाकडी पट्टी ठेवून खूण केली आणि पावतीवर कुणाचं नाव घालू म्हणून विचारलं. इरेनाने नवऱ्याचं नाव सांगितलं, वाल्दिर मारांगोन. ट्रकच्या केबिनमध्ये मागच्या फळीवर तो झोपायचा, तिथली गादी मधोमध बसून कागदासारखी झाली होती. तो काही बोलला नव्हता, पण मागच्या खेपेला बूट घालायला वाकताना त्याने कमरेला हात लावलेला तिने पाहिलं होतं. शेजारी उशा दाबून बघत असलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक जाडा माणूस नाव ऐकून वळला. निळ्या ट्रकवाला वाल्दिर का, त्याने विचारलं. इरेना हो म्हणाली. त्याने आपलं नाव नेल्सो म्हणून सांगितलं, आपणही सोयाबीनच वाहतो, मातो ग्रोसोहून बंदरापर्यंत, असंही सांगितलं, आणि मग मानाने दोना म्हणून हाक मारत अगदी मोकळेपणाने म्हणाला, "काल दुपारभर आम्ही त्रेस पिन्हेरोसला पत्ते कुटत होतो की, दोना. काय हसवतो हो तुमचा नवरा. माझं पोट अजून दुखतंय."

काल दुपारी वाल्दिरचा फोन आला होता. पराना नदीच्या पुलावर, राज्याच्या हद्दीवरच्या तपासणीत अडकलोय, रांग हलत नाही, उद्या संध्याकाळशिवाय पोचत नाही, असं तो म्हणाला होता. पूल म्हणजे इथून जवळजवळ दिवसभराचा रस्ता. त्रेस पिन्हेरोस म्हणजे त्यांच्या गावापासून, पोंता ग्रोसापासून, तासाभरावरचा डिझेलचा पंप. बहिणीकडे जाताना बसमधून तिने तो कितीदा पाहिला होता. पुढे खड्ड्यांचं मैदान, मागे बसकी खानावळ, आणि तीन पाइन, त्यातला एक वाळलेला.

"तो दुसरा कुणी असेल," ती म्हणाली.

"डाव्या कानाची पाळी कुत्र्याने तोडलेला दुसरा वाल्दिर?" नेल्सो हसला, आणि तिच्याकडे बघता बघता त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. त्याने हातातली उशी जागेवर ठेवली, पुन्हा उचलली. "चुकलो असेन मी, दोना. इतकी तोंडं बघतो आम्ही रस्त्यावर," असं काहीतरी म्हणत तो पैसे द्यायच्या टेबलाकडे गेला आणि तिथून त्याने परत तिच्याकडे वळून बघितलं नाही. त्याच्या त्या न बघण्यामुळेच तिची खात्री झाली. नुसतं बोलला असता तर तिने मनातल्या मनात ते खोडून काढलं असतं.

गुंडाळी करून सुतळीने बांधलेला फोम घेऊन ती बसमध्ये बसली. तो मांडीवर मावेना, उभा धरला तर समोरचं दिसेना. एक दुसरा वाल्दिर असतो, जो हसवतो, ही गोष्ट तिला इतकी नवीन होती की खोटेपणाचा राग यायलाही थोडा वेळ लागला. घरी तो हसवत नसे. वाईट वागत नसे, पीत नसे, हात उगारणं तर सोडाच, आवाजही चढवत नसे. तो यायचा, जेवायचा, नळ दुरुस्त करायचा, पन्हळीतली पानं काढायचा, तिने सांगितलेलं सगळं करायचा, आणि मग निघायचा. पण कधीकाळी तिनेही त्याचं हसवणं पाहिलं होतं. लग्न झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात ती त्याच्याबरोबर केबिनमध्ये बसून थेट सोयाबीनच्या मुलखापर्यंत गेली होती. तेव्हा तो गाडी चालवता चालवता तिला पंप कसा निवडायचा ते शिकवत होता, आणि शिकवताना प्रत्येक पंपाच्या मालकाची नक्कल करून दाखवत होता. जिथे म्हातारे ड्रायव्हर ट्रक लावतात तिथे लावायचा, कारण म्हाताऱ्यांना एकदा तरी लुटलेलं असतं आणि पुन्हा लुटून घ्यायची त्यांना हौस नसते. मैदानातली कुत्री बघायची. ती लठ्ठ असली तर ताटात उरतंय, म्हणजे एक तर वाढप भरपूर किंवा जेवण वाईट, तेव्हा आधी नुसती कॉफी मागायची. जिथे डिझेल भरल्याशिवाय आंघोळीची चिठ्ठी देत नाहीत तिथे थांबायचं नाही, ती माणसं हलकी. जिथे पांढरीशुभ्र शोभेची फरशी आणि काचेची दारं, तिथेही नाही, ती मोटारवाल्यांसाठी, आपल्याला ते मागच्या बाजूला पिटाळतात. आणि बाईमाणूस बरोबर असेल तर आधी आपण जाऊन संडास बघून यायचा. तो खरोखर आधी जाऊन बघून यायचा. दारातून अंगठा वर करायचा किंवा नाक दाबून पळत यायचा, आणि केबिनमध्ये बसलेली ती हसून हसून खिडकीवर डोकं टेकायची. तिने तेव्हा मनाशी ठरवलं होतं की हा माणूस आपल्याला कुठेही वाईट जागी थांबू देणार नाही. त्याला आता काळ लोटला. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न करून समुद्राकडे राहायला गेली. त्या नियमांत त्रेस पिन्हेरोस कुठेच बसत नव्हतं. बसमधून बघतानाही तिने नेहमी मनात म्हटलं होतं, इथे वाल्दिर कधी थांबायचा नाही.

संध्याकाळी तो आला. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला, तशी तिने शिवणाच्या टेबलावरचे कपडे गोळा केले, रेडिओ बंद केला, पलंगावरच्या त्याच्या बाजूला पसरलेले कापड बेतायचे कागदी नमुने उचलले. हे ती रोज करत असल्यासारखं करायची, म्हणून आजवर तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तो आत आला. दाढी केलेली, नखं स्वच्छ, सदरा धुतलेला. इतकी वर्षं तिला वाटायचं, माझा नवरा नीटनेटका आहे, हजार कोसांवरून येतो तरी मळलेला दिसत नाही. इतर बायका आपापल्या ड्रायव्हर नवऱ्यांच्या वासाच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा ती थोडी वर मान करून ऐकायची. आता तिने बघितलं की त्याला भूकही फारशी नाही आणि झोपही आलेली नाही. त्याने आपण होऊन पुलाची गोष्ट काढली. रांग कशी होती, पुढच्या ट्रकमधली डुकरं उन्हाने कशी किंचाळत होती, तपासणीवाल्याने कसे तेच तेच कागद उलटे धरून वाचले. ती बीन्स वाढत होती. ती डुकरं तिच्या डोळ्यांसमोर इतकी स्पष्ट उभी राहिली की तिला क्षणभर वाटलं, नेल्सोच खोटारडा. मग तिला वाटलं, एवढ्या मेहनतीने केलेलं खोटं हे जवळजवळ शिवणकामासारखं आहे, आतूनही टाके दिसत नाहीत. जेवण झाल्यावर तिने फोम त्याला दिला. त्याने तो हाताने दाबून बघितला आणि चांगला आहे म्हणाला.

तो परत ट्रक घेऊन गेला आणि तिला कळलं की आपण वेड्यासारखा एकाच गोष्टीचा विचार करतोय. त्या पंपावर असणारच अशी ती बाई. घागऱ्याला पट्टी लावताना, उसवलेल्या शिवणीतले धागे उपसताना, ती त्या बाईला रोज नवी रूपं देत होती. कधी ती काउंटरवर बसणारी, रंगवलेल्या केसांची. कधी तरुण, केबिनच्या दारावर टकटक करत फिरणारी. कधी आपल्याच वयाची, विधवा, हसणारी. ही शेवटची तिला सगळ्यात जास्त जाळायची. मग मधेच एक आठवण वर यायची, त्या बाईशी काही संबंध नसलेली. वाल्दिर एक दिवस उशिरा येणार असा फोन आला की ती फोन ठेवून काय करायची? ती स्वयंपाक करायची नाही. कॉफी आणि पाव, उभ्यानेच. रेडिओ मोठा. दिवसा पाय वर करून पलंगावर, आडवी, सगळ्या पलंगावर. उशीर झाला म्हणून तिने फोनवर हळहळ केलेली असायची, आणि ठेवल्यावर खांदे खाली यायचे. तो दिवस तिला आवडायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. तेव्हा तिला वाटायचं, पुलाने दिला, पावसाने दिला, फुटलेल्या टायरने दिला.

पुढच्या खेपेला फोन आला तेव्हा त्याने सांगितलं की वजनकाट्यावर अडवलंय. इरेना बरं म्हणाली, जपून ये म्हणाली, कोट घातला आणि बस पकडली. हिवाळ्याचं ऊन होतं, रस्त्याकडेच्या गवतावर सकाळचं दहिवर अजून सावलीत टिकून होतं. पंपावर ती एकटीच उतरली. खड्ड्यांच्या मैदानात निळा ट्रक सगळ्यात टोकाला, वाळलेल्या पाइनखाली उभा होता, तोंड रस्त्याकडे, जणू लगेच निघायचंय. तिने आधी संडास बघितला. का ते तिलाही सांगता आलं नसतं. फरशी ओली होती, कडी नव्हती.

खानावळीत शिजलेल्या पाइनच्या बियांचा वास भरला होता. दारालगतच्या खांबाआड एक टेबल मोकळं होतं, तिथे ती बसली. आतल्या बाजूला चारजण पत्ते खेळत होते आणि काहीजण उभे राहून बघत होते. वाल्दिर तिच्याकडे पाठ करून बसला होता. त्याच्या पायांत त्या चपला होत्या, करड्या, कापडी, ज्या दोन हिवाळ्यांपूर्वी घरातून नाहीशा झाल्या म्हणून तिने शेजारच्या कुत्र्यावर आळ घेतला होता. कॉफी घेऊन एक म्हातारी आली, सुजलेल्या पायांवर डुलत, एप्रनला हात पुसत. तिला सगळे ओल्गाबाई म्हणत होते. तिच्याशिवाय तिथे बाई नव्हती. इरेनाने काउंटरकडे बघितलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. काउंटरवर ओल्गाबाईचा मुलगा होता, टक्कल पडलेला. एवढी तयारी करून आलेली ती, तिला झिंज्या धरायलाही कुणी मिळेना.

खेळ बघणाऱ्यांत एकजण नुकता या धंद्यात आला होता. आधी शहरात बस चालवायचा, असं त्याच्या बोलण्यावरून कळलं. तो वाल्दिरला पंपांबद्दल विचारत होता आणि वाल्दिर पत्ते वाटता वाटता त्याला सांगत होता. म्हातारे ड्रायव्हर. लठ्ठ कुत्री. आंघोळीची चिठ्ठी. आवाज तोच, त्या हिवाळ्यातला. त्याने कुठल्याशा पंपाच्या मालकाची नक्कल केली, पोट पुढे काढून, ओठ मुडपून, आणि सगळी खानावळ हसली. ओल्गाबाई भिंतीला टेकून डोळे पुसत हसली. इरेनालाही हसू आलं. तोंडावर हात ठेवून तिने ते आत ढकललं, आणि तेव्हा मात्र तिला राग आला. हे माझं होतं, तिला वाटलं. हे त्याने मला दिलं होतं आणि मग परत घेऊन इथे आणून ठेवलं.

"पण वाल्दिर," तो बसवाला म्हणाला, "तुझ्या हिशोबाने हा पंप तर सगळ्यांत नापास. पाणी गार, मीठ जास्त, मैदानात चिखल. मग तू इथे का तडमडतोस?"

"इथून घर तासाभरावर आहे ना," वाल्दिरने पान टाकलं. "म्हणून."

सगळे पुन्हा हसले. बायकोच्या नावाने चालणारे विनोद चारचौघांत जसे हसले जातात तसे. एकटी इरेना समजली की त्याने थट्टा केलेली नाही. विचारलेल्या प्रश्नाचं त्याने सरळ उत्तर दिलं होतं.

ती उठली तेव्हा खुर्ची घासली आणि त्याने मागे वळून बघितलं. तो दचकला नाही. हातातली पानं त्याने पालथी टेबलावर ठेवली, नीट, एकावर एक, आणि उभा राहिला. इतरांना कळायला थोडा वेळ लागला. मग कुणीतरी खाकरलं, बसवाला खिडकीबाहेर बघू लागला. ओल्गाबाई पुढे आली आणि इरेनाला जेवून जा म्हणाली, आजची बीन्स चांगली झालीत म्हणाली. इरेना म्हणाली, नको, घरी भिजवलीत.

बऱ्याच वर्षांनी ती त्या केबिनमध्ये चढली. मागच्या फळीवर तिने आणलेला फोम होता, वर चादर घट्ट ताणलेली. ट्रक हायवेला लागला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आठवत नाही. पोरगी घरात होती तेव्हापासून असेल."

"कुणी आहे का तिथे?"

"बघितलंस ना तू. ओल्गाबाई आहे."

"कुणी असती तर बरं झालं असतं."

चढण आली. त्याने गिअर बदलला. "हो," तो म्हणाला. "मलाही तसं वाटायचं. निदान कारण असतं." मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, तो बोलत राहिला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्यामुळे तिला ते तोडताही येईना. इतके दिवस एकट्याने गाडी चालवली की माणूस दगड होतो, म्हणाला. घरी पाय ठेवला की तू तोंडाकडे बघतेस, आता हा माणूस होईल म्हणून. होता येत नाही. मग नळ दुरुस्त करतो. तिथे बसलं की थोडं थोडं सुटतं, हसायला येतं. वाटतं आता निघावं, आता घरी जाऊन बोलता येईल. निघतो. आणि गल्लीत हॉर्न वाजवेपर्यंत परत तसाच होतो.

इरेनाच्या ओठांवर आलं होतं की मीही हॉर्न ऐकला की रेडिओ बंद करते. पण त्याने आपलं सगळं उघडं केलं होतं आणि तिला आपलं झाकून ठेवावंसं वाटलं. तेवढं तरी आपल्याकडे राहू दे. ती एवढंच म्हणाली, "तुला थांबायला जागा होती. मला कुठे होती?" त्याने त्यावर मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते तिला कळलं नाही.

त्यानंतर तो सरळ घरी यायला लागला. तिने तसं सांगितलं नव्हतं. चिखलाने भरलेले बूट, डोळे तांबारलेले, अंगाला डिझेलचा, घामाचा, शिळ्या कॉफीचा वास. इतर बायका सांगायच्या तो वास आता तिच्याही पलंगाला लागला. आता खरं सांगायचं म्हणून तो फोनवर खरं सांगायचा, आता इथे आहे, आता तिथे, दुपारी पोचतो. ते ऐकताना तिचे खांदे खाली यायचे नाहीत. घरात तो एक दिवस जास्त असायचा. नळ सगळे दुरुस्त झाले होते. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचा आणि तिच्या सुईकडे बघायचा. ती टेबलावरचे कपडे उचलायची, मग तो म्हणायचा, राहू दे, शिव तू, आणि मग तिला तो बघतोय म्हणून शिवता यायचं नाही. एकदा तिने त्याला त्या जुन्या मालकाची नक्कल करून दाखव म्हणून सांगितलं. तिने ते खूप दिवस मनात घोळवून सांगितलं होतं. तो उठून उभा राहिला, पोट पुढे काढलं, ओठ मुडपले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तो बसला. "इथे नाही येत," तो म्हणाला, आणि ती पटकन म्हणाली की गॅसवर काहीतरी लागतंय.

पाइनच्या बियांचा हंगाम संपत आला होता त्या सुमाराला एका दुपारी तो उद्या निघायचं म्हणून पिशवी भरत होता. ती बाही उलटी करून शिवत होती. पिशवी भरताना त्याची पाठ सैल झालेली तिने बघितली, आणि आपलीही झाल्याचं तिला जाणवलं. तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"पुढच्या वेळी थांबून ये," ती म्हणाली.

त्याचे हात थांबले. "कुठे?"

"तुझ्या तिथे."

तो पलंगाच्या काठावर बसला. तिथे आता नाही थांबता येत, म्हणाला. तू आलीस त्यानंतर एकदा गेलो होतो. पत्ते वाटले, पण कुणी मला काही विचारलं नाही. सगळे फार चांगलं वागले. ओल्गाबाईने जास्तीचं मांस वाढलं. तसलं असेल तर मग घर काय वाईट.

हे ऐकून तिला हसू आलं नाही, वाईटही वाटलं नाही. ती विचार करू लागली, एखाद्या गिऱ्हाइकाचं माप चुकलं की करते तसा. मग तिने त्याच रस्त्यावरचा दुसरा एक पंप सांगितला, जो ती बसमधून बघायची, निळ्या पत्र्याचा. तो म्हणाला, तिथे रात्री चोर ताडपत्र्या कापतात. तिने नदीकाठचा विचारला. तिथला मालक गेला, मुलांनी काचेची दारं लावली. तिने खाणीच्या वळणावरच्या पंपाचं नाव घेतलं, तिथे म्हातारे लावतात ना अजून ट्रक? लावतात, तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून टेबलाशी आला. जेवण कसं आहे? बरं आहे. बाथरूम? कोरडं असतं. पत्ते खेळतात का? खेळत असतील, तो म्हणाला, खेळणारे सगळीकडे मिळतात. मधे काही मुद्दे निघाले, चढणीवर ब्रेक तापण्याचे, पहाटेच्या धुक्याचे. ती बारीकसारीक विचारत गेली आणि तो सांगत गेला, हात हलवत, टेबलावर बोटाने वळणं काढत. कॉफी गार झाली तरी दोघांच्या लक्षात आलं नाही.

"फक्त एक आहे," तो म्हणाला. "तिथून घर अर्ध्याच तासावर येतं. फारच जवळ पडेल."

"मग येताना त्याच्या अलीकडचा बघू," इरेना म्हणाली.